‘सी हॉक’ विमानाचा रंग: साधनें व त्यांची पारख

कागद, शाई, वळण व शिक्का यांवरून अस्सल पत्र कोणतें आणि मागाहून केलेली नक्कल कोणती, हें ठरविण्याची रीत आपल्या अभ्यासकांस चांगली अवगत आहे. परंतु एखाद्या वस्तूचा मूळचा रंग कोणता, असा प्रश्न पुढें आला कीं तेच अभ्यासक डोळ्यांस जें दिसेल तें प्रमाण मानून मोकळे होतात. तशाच एका प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हातकणंगले येथील एका तरुण संग्राहकास भारतीय नौदलाच्या ‘सी हॉक’ या लढाऊ जेट विमानाची प्रतिकृति मूळच्या बहात्तराव्या हिश्श्यानें करावयाची आहे. आणि १९७१ सालीं हें विमान ‘विक्रांत’ नौकेवरून उडालें तेव्हां त्याचा रंग नेमका कोणता होता, असें त्यानें आम्हांस विचारलें आहे. विषय प्रथमदर्शनीं पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. ज्या वस्तूची अस्सल प्रत दिवसेंदिवस झिजत आहे व जिच्यावर वारंवार नवा रंग चढत आहे, तिची मोजून-मापून केलेली लहानशी प्रतिकृति उद्यां साधनांतच गणली जाणार. मग ती चुकीच्या रंगाची असली तर पुढच्या संशोधकाची दिशाभूल होण्यास तेवढेंच पुरें आहे.

ज्या वाचकांस या विमानाचा परिचय नसेल त्यांच्याकरितां थोडी हकीकत देतों. ‘सी हॉक’ हें इंग्लंडांतील हॉकर कंपनीनें योजिलें. मूळ नमुन्याचें पहिलें उड्डाण २ सप्टेंबर १९४७ रोजीं झालें. पुढें बांधणीचें काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कारखान्याकडे गेलें. नौकेच्या आंखूड जागेंत मावावें म्हणून त्याचे पंख वर दुमडतां येतात. भारतीय नौदलाचें ३०० क्रमांकाचें स्क्वाड्रन या विमानांवर जुलै १९६० मध्यें वेल्समधील ब्रॉडी येथें उभें राहिलें. पांढरा वाघ हें त्याचें चिन्ह. ‘विक्रांत’ ही नौका ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें नौदलांत दाखल झाली व त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरास मुंबईस पोंचली. ४ डिसेंबर १९७१ रोजीं तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बाझार व चितगांव या बंदरांवर हल्ले केले. १९८३ अखेर ‘सी हॅरियर’ विमानें आलीं आणि सी हॉकचा काळ संपला. विमानाची लांबी सुमारें ३९ फूट ८ इंच व पंखांचा विस्तार ३९ फूट. बहात्तरांश मापांत एक इंच म्हणजे सहा फूट होतात, म्हणून प्रतिकृति साडेसहा इंचांहून किंचित् अधिक, म्हणजे १६.८ सेंटिमीटर लांब भरते.

आतां रंग. सी हॉक आलें तें ब्रिटिश नौदलाच्या त्या काळच्या रंगयोजनेंतच आलें: वरचा भाग ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’ आणि खालचा ‘स्काय’. प्रश्नाचें उत्तर असें एका ओळींत देतां येतें व अनेक पुस्तकांत तें तसेंच दिलेलें असतें. परंतु रंगाचें नांव कळलें म्हणजे रंग कळला, ही समजूत या विषयांतील बहुतेक घोटाळ्यांचें मूळ आहे. नांव हें फक्त लेबल होय. त्याच्या आड कोणता रंग आहे हें वेगळ्या पुराव्यानें सिद्ध करावें लागतें.

‘स्काय’ हेंच उदाहरण घ्या. हा शब्द वाचतांच मराठी माणूस मनांत ‘आकाशी’ असें भाषांतर करतो आणि फिकट निळा रंग डोळ्यांपुढें आणतो. वस्तुतः हा रंग निळा नव्हेच. फिक्या पिस्ता रंगांत थोडी राख कालवावी व त्यास पिवळट झांक द्यावी, तसा तो दिसतो. इंग्रज त्यास बदकाच्या अंड्याच्या रंगाची उपमा देत. आमच्या पृच्छकानें हातकणंगल्याच्या पेठेंतील रंगाच्या दुकानीं ‘स्काय’ म्हणून मागणी केली तेव्हां दुकानदारानें शेडकार्ड पाहून ‘स्काय ब्लू’ दिला. त्यांत दुकानदाराचा दोष नाहीं. भारतीय मानकांपैकीं ‘आय. एस. ५’ या तयार रंगांच्या सूचींत १०१ क्रमांकास ‘स्काय ब्लू’ हा रंग आहे. ज्या ब्रिटिश सूचीवरून आपल्या सूचींतले पुष्कळ क्रमांक आले त्या ‘बी. एस. ३८१ सी’ मध्येंहि १०१ हा ‘स्काय ब्लू’च आहे; पण विमानाचा ‘स्काय’ तेथें २१० या क्रमांकाखालीं, हिरव्या रंगांच्या वर्गांत बसविलेला आहे. एका शब्दाच्या फरकानें माणूस निळ्यांतून हिरव्यांत जातो. प्रतिकृति करणाऱ्यांकरितां लहान डब्यांतून रंग विकणाऱ्या हम्ब्रॉल कंपनीच्या ९० क्रमांकाच्या डबीवर ‘बेज ग्रीन’ असें नांव असून तीच डबी ‘स्काय’ म्हणून वापरण्याचा प्रघात आहे. तेव्हां एकच रंग तीन नांवांनीं आणि तीन रंग एकाच नांवानें वावरत आहेत. ज्यांनीं मोडी दफ्तरांत एकाच नांवाचे तीन कारकून वेगळे काढण्याचा उद्योग केला आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं.

या नांवाची उत्पत्तिहि पाहण्यासारखी आहे, कारण तींत एका संस्थानिकाचा संबंध सांगतात. सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं शत्रूच्या प्रदेशाचीं छायाचित्रें उंचावरून घेण्याच्या कामावर होता. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचें खासगी विमान उडतांना त्यानें पाहिलें. फिकट हिरवट रंगाचें तें विमान इतर विमानांच्या मानानें फार लवकर दिसेनासें झालें, आणि त्यावरून त्यानें आपल्या विमानांकरितां ‘कॅमोटिंट’ नांवाचा रंग तयार करविला, अशी हकीकत सांगण्यांत येते. हकीकत सांगणारा कॉटन स्वतःच असल्यामुळें ती आम्ही आख्यायिकेच्या कोटींत ठेवतों. १९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटिश हवाईदलानें लढाऊ विमानांच्या पोटाकरितां ‘स्काय’ रंगाचा हुकूम काढला हें मात्र निश्चित. हुकूम निघाला, पण रंग पुरेसा तयार नव्हता. मग निरनिराळ्या तळांवर हाताशीं असलेले रंग मिसळून काम भागविण्यांत आलें. कोठें निळसर, कोठें हिरवट, कोठें जवळजवळ पांढरा. आज त्या काळच्या विमानांच्या रंगाविषयीं जे वाद चालतात त्यांचें कारण या एका उन्हाळ्यांत आहे. मूळ प्रत पोंचण्यापूर्वींच नकला सुटल्या, म्हणजे पाठभेद व्हायचेच.

त्याच हुकुमांतून आणखी एक गंमत निघाली. कागदोपत्रीं हा रंग ‘स्काय टाइप एस’ असा लिहिलेला आढळतो. पुढील काळच्या वाचकांनीं त्यावरून रंगाचे अनेक प्रकार कल्पिले व त्यांपैकीं ‘एस’ हा एक, असें धरून चालले. येथील ‘एस’ हें रंगाच्या छटेचें नांव नसून ‘स्मूथ’, म्हणजे गुळगुळीत पृष्ठाचा रंग, याचें संक्षिप्त अक्षर आहे. मोडी कागदांतील ‘छ’ हें चंद्राच्या तिथीचें दर्शक अक्षर न ओळखतां त्यास नांवाचा भाग समजावें, त्यांतलाच हा प्रकार.

वरच्या रंगाची अडचण वेगळी आहे. ब्रिटिश सूचींत ‘सी ग्रे’ एक नव्हे, अनेक आहेत: ‘मीडियम’ ६३७ वर, ‘डार्क’ ६३८ वर, आणि ‘एक्स्ट्रा डार्क’ ६४० वर. आपल्या हवाईदलाच्या ‘हंटर’ विमानांच्या पाठीवर गर्द हिरव्याच्या जोडीस ‘डार्क सी ग्रे’ होता. नौदलाच्या सी हॉकवर ‘एक्स्ट्रा डार्क’. टिपण उतरून घेणाऱ्यानें ‘एक्स्ट्रा’ हा एक शब्द गाळला, म्हणजे नौदलाचें विमान हवाईदलाच्या रंगांत रंगून बसतें. आणि शब्द गाळणें हा नकलनविसाचा सर्वांत जुना दोष आहे. ‘डार्क’ ही मध्यम काळोखाची करडी छटा. ‘एक्स्ट्रा डार्क’ ही पाण्यानें भिजलेल्या पाटीसारखी, निळसर झांकेची. दोन्ही शेजारीं ठेविल्यास कोणासहि भेद कळतो. वेगवेगळ्या पाहिल्यास तज्ज्ञहि फसतो.

येथें क्रमांकांविषयीं एक सावधगिरीची सूचना करतों. ब्रिटिश सूचीची पहिली आवृत्ति १९३० सालची आहे व ‘स्काय’ रंग १९४० चा. अर्थात् २१० हा क्रमांक रंगास मागाहून मिळाला. म्हणून एखाद्या जुन्या कागदांत रंगाचा क्रमांक नाहीं यावरून तो कागद अविश्वसनीय ठरत नाहीं, आणि क्रमांक आहे यावरून तो समकालीनहि ठरत नाहीं. अमेरिकेची पांच आंकडी ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ ही सूची तर १९५६ ची. तींतील पहिला आंकडा चकाकी दाखवितो: १ म्हणजे झगझगीत, २ म्हणजे अर्धवट, ३ म्हणजे मंद. प्रतिकृतींच्या पुस्तकांतून ब्रिटिश रंगांसहि ‘जवळचा’ अमेरिकन क्रमांक देण्याची चाल आहे. आमच्या मतें हें शुद्ध भाषांतर होय, आणि भाषांतरावरून मूळ पाठ ठरवूं नये हें आपल्या मंडळींस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मग अस्सल साधन कोणतें? बहुतेकांचें पहिलें उत्तर असतें: विमान जाऊन पाहावें. गोव्यांत वास्कोजवळ बोगमाळो येथें नौदलाचें विमानसंग्रहालय १९९८ पासून आहे आणि तेथें सी हॉक, सी हॅरियर, अलिझे वगैरे विमानें उघड्या पटांगणांत उभीं आहेत. हातकणंगल्याहून घाट उतरून एका दिवसांत तेथें पोंचतां येतें. अवश्य जावें, आकार, पत्र्यांचे सांधे, चाकांची ठेवण, पंखांची घडी हें सर्व तेथें डोळ्यांनीं पाहावें. परंतु रंग पाहण्यास जाऊं नये. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत, कोंकणपट्टीच्या पावसांत व उन्हांत उभ्या असलेल्या विमानास वेळोवेळीं नवा रंग द्यावाच लागतो. न दिला तर पत्रा खाऊन जाईल. विमान जगविणें हें संग्रहालयाचें पहिलें कर्तव्य आणि त्याबद्दल त्यास बोल लावणें अन्यायाचें होईल. मात्र असा रंग हा देणाऱ्याच्या वर्षाचा असतो, विमानाच्या वर्षाचा नसतो.

पोथी लिहितांना चूक झाली तर लेखक त्या अक्षरांवर हरताळ लावी व वर शुद्ध पाठ लिही. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच आला. संग्राहकांस ठाऊक आहे कीं पिवळ्या पट्ट्याखालचें अक्षर पुष्कळदां तिरप्या उजेडांत वाचतां येतें, आणि तेंच कधीं कधीं सर्वांत महत्त्वाचें निघतें. विमानाची स्थिति हुबेहूब तीच आहे. वरचा रंग हा हरताळ. खालचा पाठ वाचावयाचा आहे. फरक इतकाच कीं पुन्हा रंग देण्यापूर्वीं जुना थर घांसून काढला असेल तर खालीं वाचण्यास कांहींच उरत नाहीं.

हा खालचा पाठ कोठें शिल्लक राहतो? जेथें ऊन, पाऊस व रंगाऱ्याचा हात पोंचत नाहीं तेथें. तपासणीच्या झांकणांची आंतली कड, चाकांच्या खोबणीचे कोपरे, पंखांच्या घडीचे सांधे, आणि विशेषेंकरून जुन्या अक्षरांच्या व चिन्हांच्या खालची जागा हीं पाहण्याचीं ठिकाणें. यूरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांतून एक पद्धत चालते: ठराविक ठिकाणीं अगदीं बारीक कागदानें वर्तुळाकार घांसून उतरंड करतात, म्हणजे प्रत्येक थर एकाआड एक कंकणासारखा उघडा पडतो. सर्वांत मधें उघडी धातु, तिच्याभोंवतीं अस्तराचा थर, मग पहिला रंग, मग पुढचे. जाणत्या संरक्षकाखेरीज कोणी हें करूं नये, व संग्रहालयाच्या परवानगीवांचून तर हातहि लावूं नये. विमानांच्या अस्तरांत जस्त-क्रोमेट असतें व त्याची धूळ विषारी आहे. हरताळांत सोमल असतो, तसेंच हें समजावें.

थर उघडे पडले तरी प्रत्येक खालचा थर आपलाच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. भारताच्या सी हॉकांपैकीं कांहीं नवीं बांधलेलीं होतीं, कांहीं ब्रिटिश नौदलाकडचीं डागडुजी करून घेतलेलीं, आणि पुढें पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडचींहि विकत घेण्यांत आलीं. म्हणजे एकाच पत्र्यावर दोन देशांचे थर सांपडणें शक्य आहे. ज्या बाडाचीं कोरीं पानें पुढच्या पिढीनें हिशेबाकरितां वापरलीं त्या बाडाचा काळ ठरवितांना आपण प्रत्येक हात वेगळा करतों; तद्वत् येथें आधीं विमानाचा वंश, म्हणजे तें कोणाकडून केव्हां आलें, हें त्याच्या क्रमांकावरून लावून घ्यावें आणि नंतरच थर वाचावेत.

शिवाय अस्सल थरहि काळाच्या ओघांत बदलतो, आणि तो दोन उलट दिशांनीं बदलतो. उन्हांत उघडा राहिलेला रंग बांधणाऱ्या राळेचा नाश होऊन भुकटीसारखा होतो. बोट फिरविलें तर पांढुरकी धूळ लागते. अशा पृष्ठावर उजेड विखुरतो व गर्द राखाडी आहे त्याहून पुष्कळ फिकी दिसते. पाण्याचा ओला फडका फिरविला तर तेवढ्यापुरती मूळची खोली परत येते. ही चाचणी निरुपद्रवी व फार उपयोगी आहे. उलट, अंधारांत झांकून राहिलेला तेलाचा किंवा तेलमिश्र राळेचा रंग पिवळा पडतो. म्हणजे ज्या जागेला आम्ही वर सर्वोत्तम साक्षीदार म्हटलें त्या जागेची साक्षहि थोडी पिवळ्याकडे झुकलेली असते, आणि ‘स्काय’सारख्या मूळच्याच पिवळट छटेंत हा झोंक ओळखूं येत नाहीं. सुदैवानें हा पिवळेपणा कांहीं अंशीं उजेडांत ठेवल्यानें उतरतो. सुटा झालेला तुकडा असेल तर तो कांहीं दिवस खिडकीशीं ठेवून पुन्हा मोजावा. दोन्ही मापें टिपून ठेवावीं.

छायाचित्रांकडे वळूं. काळ्या-पांढऱ्या चित्रांवर रंगाच्या बाबतींत लोक एकतर अतोनात विश्वास टाकतात किंवा मुळींच टाकत नाहींत, दोन्ही अयोग्य. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नसे, म्हणून तांबडा व केशरी त्यांत काळपट उमटत. १९६० नंतरचीं बहुतेक चित्रें पॅनक्रोमॅटिक फिल्मवरचीं असल्यानें त्यांत हा दोष फारसा नाहीं, तरी भिंगावर पिवळी कांच बसविली असल्यास निळ्या छटा गडद होतात. अशा चित्रावरून रंग कोणता हें सांगतां येत नाहीं. एक रंग दुसऱ्याहून किती गडद हें सांगतां येतें, आणि दोन रंगांमधील सीमारेषा शरीरावर कोठून गेली आहे हें तर दुसऱ्या कोणत्याहि साधनाहून अधिक खात्रीनें सांगतां येतें. प्रतिकृति करणाऱ्यास या रेषेची गरज छटेइतकीच असते. चित्रांत राष्ट्रचिन्हाचें पांढरें कंकण दिसत असेल तर त्यास मापदंड धरावें व बाकीच्या छटा त्याच्याशीं ताडून पाहाव्या. निरनिराळ्या चित्रांतील छटा मात्र एकमेकींशीं ताडूं नयेत.

रंगीत चित्र हातीं आलें म्हणजे संशोधक हर्षभरित होतो, आणि नेमका तेथेंच गोत्यांत येतो. त्या काळच्या रंगीत कागदी प्रतींतील निळसर रंगद्रव्य अंधारांत, अल्बममध्यें बंद असतांनाहि, इतरांच्या आधीं विटतें; त्यामुळें सगळें चित्र तांबूस होत जातें. अशा चित्रांत ‘स्काय’ मळकट बदामी दिसतो व समुद्र जांभळा. आपल्याकडील पुष्कळ घरगुती अल्बमांची आज हीच अवस्था आहे. ‘कोडॅक्रोम’ पारदर्शिका याला अपवाद: अंधारांत ठेवलेली असेल तर तिचा रंग फार टिकतो, भिंतीवर पुन्हा पुन्हा दाखविलेली असेल तर उडतो. म्हणून कुटुंबांतल्या समारंभांत शंभर वेळां दाखविलेल्या आवडत्या पारदर्शिकेपेक्षां डब्यांत तशीच पडून राहिलेली, थोडी हललेली व म्हणून कोणी न पाहिलेली पारदर्शिका आम्ही अधिक मोलाची मानतों. उघड्या समुद्रावर नौकेच्या पाठीवर घेतलेल्या चित्रांत विमानाच्या पोटावर पाण्याची व तळाची झांक पडते, हेंहि ध्यानांत घ्यावें; धांवपट्टीवरील ढगाळ दिवसाचें चित्र या कामीं जास्त प्रामाणिक असतें.

आठवणींविषयीं थोडक्यांत सांगतों. नौदलांत चाकरी केलेल्या वृद्ध गृहस्थांस विचारावें, पण ‘रंग कोणता होता?’ असें विचारूं नये. सर्वांचें उत्तर ‘राखाडी’ असें येतें आणि तें खरेंहि असतें. रंग कोठून येई, डबा कसला असे, पातळ कशानें करीत, डाग पडला तर हातानें लावीत कीं फवाऱ्यानें, असें विचारावें. माणूस रंग विसरतो. काम विसरत नाहीं.

सर्व साधनें जमलीं तरी शेवटीं जुळणी डोळ्यांनींच व्हावयाची. हातकणंगले तालुक्यांतच इचलकरंजी आहे; तेथील कापडाच्या धंद्यांत वावरलेल्या कोणासहि ठाऊक असतें कीं दिव्याखालीं तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर उन्हांत आणले कीं वेगळे निघतात. भिन्न रंगद्रव्यांनीं साधलेलें साम्य एका उजेडापुरतें असतें. म्हणून जुना नमुना व नवा रंग उत्तरेच्या खिडकींतील दिवसाच्या उजेडांत, मग ट्यूबलाइटखालीं आणि मग साध्या दिव्याखालीं, असे तीनदां ताडावेत. तिन्ही ठिकाणीं जुळला तर जुळला. आजकाल रंगमापक यंत्रें मिळतात व मोटारींच्या रंगकामाच्या दुकानींहि तीं असतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण संगणकाच्या पडद्यावरील चित्रावरून रंग मोजणें निरर्थक होय, कारण प्रत्येक पडदा आपला रंग दाखवितो. चकाकीचीहि काळजी घ्यावी: तोच रंग चकचकीत असतां गडद व मंद असतां फिका भासतो.

प्रतिकृति करणाऱ्यांमध्यें असाहि एक पक्ष आहे कीं, लहान वस्तु लांबून पाहिलेल्या मोठ्या वस्तूसारखी दिसावी म्हणून मूळ रंगांत पांढरा मिसळून तो फिका करावा. दूरच्या डोंगराचा रंग हवेमुळें फिका होतो हा त्यांचा आधार. चित्रकाराच्या दृष्टीनें यांत तथ्य आहे. परंतु जी प्रतिकृति संग्रहांत ठेवावयाची व जिच्यावरून पुढें कोणी पुरावा काढणार, तींत आधीं खरा रंग द्यावा हें आमचें स्पष्ट मत आहे. फिका करावयाचा असेल तर किती केला तें तळाशीं चिठ्ठी चिकटवून लिहावें. संपादक शुद्धलेखन सुधारतो, तर तसें तळटीपेंत सांगतो. त्यांतलेंच हें कर्तव्य.

राष्ट्रचिन्हाबद्दल दोन शब्द लिहिल्याविना राहवत नाहीं. बाहेरचें कंकण केशरी, मधलें पांढरें, आंत हिरवें मंडल. मराठींत भगवा, केशरी व नारिंगी हे तीन भिन्न रंग आहेत आणि आपल्याकडचा रंगारी बहुधा पहिला उचलतो. राष्ट्रध्वजाचे रंग भारतीय मानकांपैकीं अगदीं पहिल्या, ‘आय. एस. १’ या १९५१ सालच्या मानकाच्या विषयांत येतात व तेथें ते नांवानें नव्हे तर आंकड्यांनीं बांधले आहेत: केशरीस क्ष ०.५३८, य ०.३६०, उजळपणा २१.५, हिरव्यास क्ष ०.२८८, य ०.३९५, उजळपणा ८.९. नांव आणि रंग यांतील घोळ टाळण्याचा हाच खरा मार्ग होय. मात्र हे आंकडे कापडाकरितां आहेत. विमानाचा रंग हा राळेंत कालविलेला. म्हणून ते जवळचा आधार म्हणून घ्यावेत, विमानाचा पुरावा म्हणून नव्हे. केशरी हा उन्हानें लवकर उडणारा, तेव्हां छायाचित्रांत तो पिवळट दिसला तर नवाच रंग शोधूं लागूं नये.

पृच्छकास आमचें उत्तर येणेंप्रमाणें. वरच्या भागास ब्रिटिश सूचींतील ६४०, खालच्या भागास २१०. दुकानांतला १०१ परत करावा. सीमारेषा १९७१ च्या सुमाराच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून, आणि तींहि त्याच क्रमांकाच्या विमानाच्या चित्रांवरून घ्यावी. वरच्या राखाडीस उन्हाचा फिकेपणा द्यावयाचा झाल्यास तो मूळ रंग पूर्ण दिल्यानंतर पातळ हातानें द्यावा, म्हणजे खालचा पाठ अबाधित राहील. प्रतिकृतीबरोबर त्याच रंगांच्या दोन पट्ट्या जाड कागदावर काढून, तारीख व रंगाच्या डब्याचा क्रमांक लिहून, बंद पाकिटांत ठेवाव्या.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजीं सेवेंतून निवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्यें दारूखान्यांत तोडण्यांत आली. तिच्या पोलादाचा कांहीं अंश एका कारखान्यानें मोटारसायकलींत घातला व लोकांनीं तो कौतुकानें घेतला. पोलाद वितळवितां येतें; त्यावरचा रंग भट्टींत जळून जातो. त्या नौकेच्या किंवा तिच्यावरील विमानांच्या सुट्या वस्तु, झांकणें, पत्र्याचे तुकडे, रंगाचे अर्धवट भरलेले डबे, अशा वस्तु नौदलांत चाकरी केलेल्यांच्या घरीं माळ्यावर पडलेल्या असणें संभवनीय आहे. ज्यांच्यापाशीं त्या असतील त्यांनीं त्या घांसूं नयेत, धुऊं नयेत, व वर व्हार्निश लावूं नये. आम्लरहित कागदांत गुंडाळून, कोरड्या जागीं, वस्तु कोणाकडून व केव्हां आली हें पेन्सिलीनें लिहून ठेवावी. डबा उघडावयाचा झाल्यास झांकणाच्या आंतल्या बाजूस वाळलेला थर प्रथम पाहावा. पुष्कळदां तोच सर्वांत शुद्ध असतो.